एक निर्णायक मत

५ ऑगस्ट २०१४, मंगळवार
आजपासून रोजनिशी. कारण, इतिहास. सहा आठवड्यांनी मतदान आहे: स्कॉटलंडने युनायटेड किंग्डममधून बाहेर पडायचं का, हो की नाही. आमच्या आर्डफिन गावात डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच उरलाय आणि तो हे लिहितोय. नियम ठरवला. प्रत्येक पानावर आधी तारीख, मग मजकूर. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या, माझ्या एकाही कागदावर तारीख चुकलेली नाही.
संध्याकाळी टीव्हीवर दोन पुढाऱ्यांची जुंपली. किळस आली. दोघंही बोलताना एकमेकांच्या अंगावर येत होते आणि आरशात बघायचं नाव नाही. माझ्या गाडीत असते तर पहिल्याच वळणावर दोघांना उतरवलं असतं.

६ ऑगस्ट
बायकोने, नेट्टाने, पॉरिजचं भांडं घासता घासता विषय काढला. ती 'हो'वाली. बापाकडून आलंय ते. तिचा बाप डॅन गोदीत वेल्डर होता. १९७९ साली असंच एक मतदान झालं होतं, आपल्या स्वतःच्या विधानसभेसाठी, आणि त्याचा नियम असा अजब की मत न देणारा आपोआप 'नाही'च्या पारड्यात. त्या दिवशी मी मतदान केंद्राच्या पायरीवर उभा राहून दोन्ही बाजूंचा विचार करत होतो. रात्री दहाला दार बंद झालं. माझा विचार अजून व्हायचा होता. डॅन त्यानंतर सात वर्षं जगला आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काही सांगायचं असलं तर नेट्टाला सांगायचा, मग नेट्टा मला सांगायची. 'मीठ दे'सुद्धा.
नेट्टा म्हणाली, "मी तुला हो दे म्हणत नाही, आर्ची. नाही द्यायचं तर नाही दे. पण या वेळी दे. एकदा तरी तू काही ठरवलंस हे मला बघायचंय. परत पायरीवर उभा राहिलास तर माझ्याच्याने होणार नाही."
काय होणार नाही ते सांगितलं नाही. मी म्हटलं, सहा आठवडे आहेत, काळजी कसली.

९ ऑगस्ट
पोस्टाने मत द्यायचं ठरवलं. पायरीचा प्रश्नच मिटला. याला म्हणतात नियोजन. अर्ज नेट्टाने भरला, मी सही केली.

११ ऑगस्ट
पद्धत सापडली. जुन्या टेस्टचे कोरे तक्ते माळ्यावर होते. एक 'हो'ला, एक 'नाही'ला. किरकोळ चुकीला तिरकी रेघ, गंभीर चुकीला फुली. एक फुली पडली की नापास. भावनेला थारा नाही.
'हो': पौंडाचं काय करणार ते नीट सांगत नाहीत. आमच्या कुंपणाच्या झुडपात त्यांची निळी पाटी खोचली, न विचारता. दोन रेघा.
'नाही': सारखं घाबरवतात. घरी आलेला त्यांचा पोरगा आमच्या फुलझाडांवरून सायकल घेऊन गेला. दोन रेघा.
बरोबरी. महिनाभर आहे.

१४ ऑगस्ट
झुडपातली पाटी कुणाची ते कळलं. शीना गेडिस. शेजारीण, नर्स, आता गावातल्या 'हो'वाल्यांची पुढारीण. दारात येऊन विचारलं, काय ठरलं मिस्टर लॅमंट? मी सांगितलं, परीक्षा चालू असताना परीक्षकाशी बोलायचं नसतं.
तिला ते लागलं असणार. १९८९ साली ती टेस्टला आली तेव्हा शिकाऊ लायसन्सवर सही करायचीच विसरली होती. मी तिला गाडीला हातही लावू दिला नाही. म्हटलं, ज्याला एक चौकोन नीट भरता येत नाही त्याने रस्त्यावर येऊ नये. पुढची तारीख पाच महिन्यांनी. पक्कं लायसन्स नाही म्हणून तिची नोकरी गेली म्हणे, वर्षभर सायकलवर हिंडली. पण नियम तो नियम. मला वाटतं त्या दिवसामुळेच ती पुढे इतकी व्यवस्थित झाली.
आभार कधी मानले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

२० ऑगस्ट
बेकरीत रांग. पुढे दोघी पेन्शनवर भांडतायत, मागे एकजण तेलाच्या साठ्यावर. एकीने मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, योग्य वेळी कळेल. नंतर लक्षात आलं की माझी पाळी आली होती आणि पाव सांगायचा राहूनच गेला होता. तरी पण गाव माझी वाट बघतंय, हे नक्की.
बटाट्याच्या पोळ्या संपल्या होत्या. बेकरी कुणाच्या बाजूची आहे कोण जाणे.

२५ ऑगस्ट, सोमवार
टीव्हीवर पुन्हा तेच दोघे. मागच्या वेळी हरलेला जिंकला असं सगळे म्हणतात. वीस मिनिटांत बंद केला. नेट्टाने परत लावला. मी तक्ते घेऊन न्हाणीघरात बसलो. दोन्हीकडे अकरा अकरा रेघा.

२८ ऑगस्ट
मतपत्रिका आली. दोन पाकिटं, एक मतपत्रिका, एक निवेदनाचा कागद, हे मत माझंच असं सहीनिशी सांगायचा. एवढ्याशा मतासाठी केवढा कागद. जेवणाच्या टेबलावर मीठदाणीला टेकवून ठेवली.
नेट्टाने आपली पाच मिनिटांत भरली, चिकटवली, आणि रेनकोट चढवून स्वतः पेटीत टाकून आली. याला घाई म्हणतात.

१ सप्टेंबर
नेट्टाने रोज सकाळी मीठदाणीकडे बघायचं आणि काही बोलायचं नाही असं चालवलंय. मी मीठ खायचं सोडलं.

४ सप्टेंबर
ठरलं. 'नाही'. शीनाच्या माणसांनी झुडपात आता मोठी पाटी लावलीय. फुली. उद्या भरतो.

५ सप्टेंबर
चर्चबाहेर 'नाही'वाल्या म्हातारीने माझ्या कोटावर बिल्ला टोचला. कोट नवा, भोक पडलं. फुली. दोघेही नापास. अशी परिस्थिती एकतीस वर्षांत आली नव्हती.

७ सप्टेंबर, रविवार
पेपरात म्हणे 'हो' एका पावलाने पुढे. लंडनला धाप लागलीय. तिकडचे पुढारी गाडी भरभरून इकडे येणार आणि आपल्यावर किती प्रेम आहे ते सांगणार. तीनशे वर्षांत आठवलं नाही, आता दहा दिवसांत सगळं आठवलं. शिसारी येते.
नेट्टा दिवसभर गुणगुणत होती. तिला गुणगुणताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. मी तक्ता बाजूला ठेवून थोडा वेळ ऐकत बसलो.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी २.१०
रॉडीचा फोन. माझा धाकटा भाऊ, कार्लाईलला राहतो, सीमेच्या पलीकडे इंग्लंडात, वीस मिनिटांवर. त्याला इथे मत नाही, म्हणून अक्कल शिकवायला मोकळा. अर्धा तास 'नाही दे, नाही दे'. सरहद्दीवर तपासणी बसली तर मी ईस्टरला येऊ कसा म्हणे. मी म्हटलं, विचार चालू आहे. तर हसला.
"तुझा विचार कधीच संपणार नाही, आर्ची. हँडब्रेक ओढून चौकात बसलेला माणूस तू. मागे हॉर्न वाजून वाजून लोक म्हातारे झाले. नेट्टा बिचारी मागच्या सीटवर बसून आहे."
फोन आपटला.

त्याच दिवशी, ३.३०
दिलं मत. 'हो'.
तक्त्यावर नाही, रागावर नाही. म्हणजे थोडं रागावर. पण पेन हातात घेतलं तेव्हा रविवारचं तिचं गुणगुणणं आठवलं आणि फुली आपोआप 'हो'वर गेली. बरं वाटलं. इतकं बरं निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.
निवेदनाचा कागदही भरला. आकड्यांचे आठ चौकोन, प्रत्येकात एक आकडा, एकही रेघेबाहेर नाही. खाली सही. मतपत्रिका गुप्त असते, पण हा कागद दाखवायला हरकत नाही. म्हणून पेटीकडे जाताना लायब्ररीत थांबून त्याची झेरॉक्स काढली. नातवंडांना दाखवायला होईल.
नेट्टाला एवढंच सांगितलं, दिलं. काय दिलं ते गुप्त. संध्याकाळी खिम्याबरोबर मीठदाणी माझ्यासमोर ठेवली.

१३ सप्टेंबर
झेरॉक्सला चौकट करून आणली. दिवाणखान्याच्या दाराशी भिंतीवर, माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेच्या प्रशस्तिपत्रकाखाली टांगली. शोभते. नेट्टा म्हणाली, लोक घरात फोटो लावतात. तिचा चष्मा स्वयंपाकघरात होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार
मतदान. सकाळपासून गाव रांगेत. कधीही मत न देणारे लोक आंघोळ करून आले होते. सोळा वर्षांची पोरं मत देतायत. मी मतदान केंद्रासमोरून चारदा गेलो, पायरीकडे बघितलं. लोक विचारात पडलेले दिसले. कीव आली. आपलं आधीच झालेलं असलं की माणूस कसा हलका चालतो.

१९ सप्टेंबर, सकाळी ७
धुकं. 'नाही' जिंकलं. पंचावन्न-पंचेचाळीस.
नेट्टा खिडकीशी उभी होती, गाऊनमध्ये, चहा गार झालेला. रडली नाही. म्हणाली, बाबा असते तर त्यांनी आज गोदीवर जाऊन उगाच काहीतरी वेल्ड केलं असतं.
मग मी सांगितलं. मी 'हो' दिलं, नेट्टा.
तिने वळून बघितलं. मग येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिथे रडली. एकेचाळीस वर्षांत आम्ही असे क्वचित उभे राहिलो असू. म्हणाली, "हरलो तरी चालेल. या वेळी तू आत होतास."
देश गेला, पण माझी गाडी लागली एकदाची रस्त्याला. हे वाक्य चांगलं जमलंय.

२१ सप्टेंबर, रविवार
शीना गेडिस आली. नेट्टाला भेटायला, हातात मनुका घालून उकडलेलं गोड डंपलिंग. दोघी स्वयंपाकघरात बसून उसासे टाकत होत्या. मला दया आली. म्हटलं, जुनं विसरून हिला थोडी उमेद द्यावी. तिला मुद्दाम दिवाणखान्याच्या दारात नेलं, चौकट दाखवली. म्हटलं, शीना, बघ, फॉर्म असा भरतात.
तिने पर्समधून चष्मा काढला. वाचलं. परत वाचलं.
"मिस्टर लॅमंट, तुमचा वाढदिवस नुकताच झाला का?"
मी म्हटलं नाही, नोव्हेंबरात असतो.
नेट्टा हात पुसत आली, शीनाचाच चष्मा घेऊन तिनेही वाचलं. मग मी वाचलं. आठ चौकोनांच्या वर छापलंय, जन्मतारीख. चौकोनांत माझ्या सुंदर अक्षरात, ०९ ०९ २०१४.
मी म्हटलं, यात काय, कुठल्याही शहाण्या कारकुनाला कळेल. जन्मल्या दिवशी कोण मत देतं? शीना हळूच म्हणाली की मोजणीवाले ती पोस्टाच्या अर्जावरच्या जन्मतारखेशी ताडून बघतात, आणि जुळली नाही की बाजूला ठेवतात. आतलं पाकीट उघडतसुद्धा नाहीत. मी म्हटलं, ही पद्धतच चुकीची आहे, चौकोन फार सारखे दिसतात.
मी वाट बघत होतो की शीना आता माझंच ते वाक्य मला ऐकवेल. एक चौकोन, रस्ता वगैरे. पंचवीस वर्षं तोंडात धरून ठेवलं असेल. नाही ऐकवलं. पर्स उचलली, नेट्टाच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.
नेट्टाने चौकट खिळ्यावरून उतरवली, टेबलावर पालथी ठेवली.
"म्हणजे दोन्ही वेळा पायरीवरच, आर्ची," एवढंच म्हणाली.

३ नोव्हेंबर १९४७
ही आजची तारीख नाही, मला माहीत आहे. पण यापुढे रोज हीच घालणार. सवय झाली पाहिजे. पुन्हा असं मतदान झालंच तर माझी तयारी असेल.
दुपारी खिडकीवर टकटक झाली. शीना होती, तिच्या अंगणातून वाकून. म्हणाली, नेट्टाने सांगायला सांगितलंय, जेवण ओव्हनमध्ये आहे.
नेट्टा स्वयंपाकघरातच होती.