वर गेलेल्या हातांची नोंद रद्द करणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
किनारी हवामान धोरण कक्ष, बँकॉक.

विषय : बान पाक सामे गावाच्या स्थलांतरास मिळालेली 'सर्वानुमते संमती' रद्द करणेबाबत.
संदर्भ : माझाच अहवाल, दि. २ ऑगस्ट.

महोदया,

मी आपल्या कक्षात हवामान बदल धोरण विश्लेषक आहे. समुद्र गावात शिरत असल्याने बंधारा न बांधता गावच आत हलवावे, या मसुद्यास ग्रामस्थांची संमती घेण्याचे काम माझ्याकडे होते. ती मी आणली. ती खरी नाही.

१. सभा विहाराच्या मंडपात झाली. मी मसुदा वाचू लागलो, तर दुसऱ्याच पानाला मंडळी पेंगू लागली. शिंपल्या वेचणाऱ्या लमोम आजी म्हणाल्या, "अरे बाबा, हे ऐकून भिंतीवरची पालसुद्धा झोपेल! आमचे भन्ते प्रवचन गातात, तसं म्हण की जरा." लहानपणी मी विहारात श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू, होतो. गायलेले प्रवचन ऐकले की आजही माझे डोळे भरून येतात. मोह आवरला नाही. समुद्रपातळी, भरपाई, घरे सोडण्याची मुदत, सारे त्या चालीत गायलो. मसुद्यातले बोजड शब्द चालीवर अगदी पाली भाषेतल्या सूत्रांसारखे वाटले, म्हणजे कळले कुणालाच नाही, पण भक्तिभावाने ऐकले सर्वांनी. भगवंताने क्षमा करावी, गळाही त्या दिवशी फार छान लागला होता.

२. शेवटी सर्वांनी जोडलेले हात डोक्यावर नेले व 'साधु' म्हटले. प्रवचन संपले की आपल्याकडे असेच करतात, हे आपणही जाणता. मीही जाणत होतो. नमुन्यात 'हात वर करणारे' असा रकाना होता. मी हात मोजले.

३. परवा आजींचा फोन आला. दारोदार जागा सोडण्याची पहिली नोटीस लागली आहे. "काहीतरी चुकून लागलीय बघ. तुझी साहेबांशी ओळख आहे ना, तेवढं सांग त्यांना. आणि भन्तेंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की ये, पुन्हा गा." त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

४. मसुदा कदाचित योग्यच असेल. समुद्र थांबणार नाही, हे माझ्याच आकड्यांत आहे. पण 'हो' म्हणायचे की 'नाही', ते त्यांनी समजून म्हणायला हवे. तरी अंतिम आदेशावर सही करू नये, सभा पुन्हा घ्यावी, आणि वाचायला कुणी बेसूर अधिकारी पाठवावा, ही विनंती. मला होईल ती शिक्षा मान्य आहे.

आपला नम्र आणि अपराधी,
पैथून चांथरासुक
दि. १४ सप्टेंबर

सोबत : सभेचे ध्वनिमुद्रण. कृपया शेवटपर्यंत ऐकावे. 'साधु' झाल्यावर लमोम आजी शेजारणीला विचारतात, "झालं वाटतं गाणं. आता बंधाऱ्याचं कधी सांगणार हा?" त्यापुढे मी यंत्र बंद केल्याचा आवाज आहे.