सदतीस निकाल आणि आप्पाजींचं दुकान

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. आयुष्याला दिशा मिळाली आहे. (गोव्यातही मिळाली होती, हंपीतही. त्या दिशा कच्च्या होत्या.) इथे बेंगळूरला लॉ कॉलेजच्या लायब्ररीत तीन महिन्यांची नोकरी, पुस्तकांना बारकोड चिकटवायची. आत्याच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या सिद्धीने लावून दिली. ती तिथेच चौथ्या वर्षाला आहे. पुण्याची, त्यामुळे उपकारासोबत उपदेशही येतो.
संकल्प: दिवाळीच्या आत पर्मनंट.

५ ऑगस्ट, संध्याकाळी
घरात सुतक असल्यासारखं. आत्याचे यजमान आप्पाजी इथल्या शिवाजीनगरात चाळीस वर्षं वकिलांचे काळे कोट आणि गाऊन शिवतात. मालकाने दुकान खाली करा म्हणून केस टाकली. समन्स आलं. २१ तारखेला कोर्टात जाऊन लेखी उत्तर द्यायचं. आप्पाजी म्हणाले, अर्ध्या बेंगळूरच्या वकिलांच्या छातीची मापं माझ्या वहीत आहेत, पण गिऱ्हाइकाला आपलं रडगाणं कसं सांगायचं? सिद्धी म्हणाली, काका, आमच्या कॉलेजात लीगल एड क्लिनिक आहे, केसला फुकट मदत करतात, उद्याच कागद पाठवा. मी म्हटलं, मी नेतो. आत्या म्हणाली, तू? तू गॅसचा नंबर लावायला गेलास तो म्हैसूरहून फोन केलास. आप्पाजी म्हणाले, आयतु, झालं तर मग, नेऊ दे पोराला.
कागद माझ्या सॅकमध्ये. जबाबदारी माणसाला घडवते.

६ ऑगस्ट
क्लिनिक चारला उघडतं. दीडला लायब्ररियन श्यामला मॅडमनी डेटाबेस दाखवला. देशातल्या सगळ्या कोर्टांचे निकाल एका स्क्रीनवर! शब्द टाका, निकाल हजर. बाहेर याला जबर वर्गणी पडते, कॉलेजच्या मशीनवर फुकट. मग वकील कशाला लागतो? क्लिनिकमध्ये तरी कोण असतं, माझ्याच वयाची पोरं. फक्त परीक्षा दिलेली.
कागद दिले नाहीत. आधी केस तयार करतो, मग थाटात नेऊन देतो.

८ ऑगस्ट
'दुकान, भाडेकरू' टाकलं. लाखभर निकाल. पण शेजारीच एका फणसाच्या झाडावरून भांडणाऱ्या दोन भावांचा निकाल दिसला. एकतीस वर्षं केस. मध्ये धाकटा वारला, झाड वठलं, केस चालूच. नंतर लग्नाला बँडवाले आले नाहीत तो निकाल. मग एका हत्तीचा ताबा. डोळ्यांत पाणी आलं (हत्तीच्या वेळी).
बारकोड अकरा. टार्गेट दोनशे. मॅडम म्हणाल्या, स्वल्प फास्ट, संताजी.
पण मोठा धडा मिळाला. कोर्टात कुणालाच घाई नसते.

१२ ऑगस्ट
शोध लागला! निकालांपुढे बारकी रंगीत खूण असते. हिरवी, पिवळी, लाल. शाळेत आमच्या गाइडमध्ये हमखास येणाऱ्या प्रश्नापुढे लाल चांदणी असायची. तेवढंच वाचून मी दहावी काढली. म्हणून इथेही फक्त लाल. आजचे लाल चौदा.
आत्याने विचारलं, कागद दिलेस? म्हटलं, काम चालू आहे. हे खोटं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
सिद्धीने जिन्यात गाठलं. क्लिनिकमध्ये काकांचे कागदच नाहीत म्हणे. मी शांतपणे फाइल पुढे केली. सदतीस निकाल, सगळे लाल. तिने चार पानं उलटली आणि पायरीवर बसली. लाल म्हणजे वरच्या कोर्टाने फिरवलेला निकाल. मोडीत निघालेला. म्हणाली, हे घेऊन कोर्टात गेलास तर मालकाचा वकील तुला पेढे भरवेल. सोमवारी कागद हवेत, संताजी. तुझा अभ्यास नको, कागद हवेत.
दोष सिस्टीमचा आहे. मेलेल्या निकालांना कुणी लाल रंग देतं का?

१८ ऑगस्ट, सोमवार
कागद देणारच होतो. पण एवढं झाल्यावर रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना. म्हणून सगळे हिरवे निकाल मशीनवर उतरवून घ्यायला लागलो. पन्नास-पन्नासचे गठ्ठे. तीन वाजेपर्यंत सहाशे बारा. असा वेग माझ्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं.
साडेतीनला स्क्रीन पांढरा. प्रवेश बंद. माझाच नाही, सबंध कॉलेजचा. डेटाबेसवाल्या कंपनीला वाटलं, कुणीतरी सगळं लुटतंय. बुधवारी मूट कोर्टच्या, म्हणजे लुटुपुटुच्या खटल्याच्या, स्पर्धेचं लेखी काम द्यायचं होतं, दीडशे पोरं काउंटरवर. मीही त्यांच्यात उभा राहून काय झालं, काय झालं असं विचारलं.
क्लिनिक राहून गेलं.

१९ ऑगस्ट
कंपनीने मशीनचा नंबर कळवला. माझ्या टेबलावरचं मशीन. श्यामला मॅडम ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बॅज ठेवून जा. सरी, ठीक आहे, म्हणालो.
क्लिनिक त्याच इमारतीत, आता बॅज नाही. वॉचमनकडे कागद देता आले असते, हे बस सुटल्यावर सुचलं. सिद्धीचा फोन आला. ती मूटच्या टीममध्ये आहे. उचलला नाही. तिला कशाला आणखी त्रास?

२१ ऑगस्ट, गुरुवार
कोर्टाचा दिवस. आप्पाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी म्हटलं, तुम्ही कशाला, बाहेरचा वकील ठरवलाय, तो आणि मी बघतो. निघालो. वाटेत विचार केला: हातात उत्तर नाही, वकील नाही, रिकामं जाऊन नाचक्की कशाला? नाही गेलं तर फार तर पुढची तारीख मिळेल. फणसाला एकतीस वर्षं मिळाली, दुकानाला एक महिना नाही मिळणार?
कब्बन पार्कात बसलो. तिथे एक माणूस पोपटांचे आवाज काढत होता. तीन वाजले.
घरी सांगितलं, तारीख पडली. आप्पाजींनी विचारलं, मालकाच्या वकिलाचा कोट कसा होता? म्हटलं, खांद्यात ढिला. त्यांना इतकं बरं वाटलं की मलाही बरं वाटलं. आत्याला म्हणाले, बघ कस्तुरा, माझ्याकडचा नव्हता तो.

१० सप्टेंबर
सिद्धीने वकिलाचं नाव विचारलं. म्हटलं, वेदांत. आडनाव? म्हटलं, सगळे नुसतं वेदांत म्हणतात. ती जवळ आली. मग अगदी हळू म्हणाली, तारीख चुकली असेल तर आत्ता सांग. आत्ता अर्ज करता येतो, कोर्ट ऐकून घेतं. मी ओरडणार नाही. शप्पथ.
म्हटलं, काहीतरीच काय, कशाला चुकेल?
उद्या सांगतो तिला.

११ सप्टेंबर
ती आजारी दिसली. सोमवारी सांगतो.

३ ऑक्टोबर
जे. पी. नगरला एक जण ड्रोनचा कोर्स घेतो. चौकशी केली. आप्पाजींनी चाळीस गाऊनची ऑर्डर घेतली, जानेवारीची. घेऊ का, असं मला विचारलं होतं. केसचं तू बघतोयस म्हणून, म्हणाले.
म्हटलं, घ्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी
दुकानात बसलो होतो. मालकाचा माणूस निकालाची प्रत देऊन गेला. दीड पान. आप्पाजी कानडी वाचतात, इंग्रजी नाही. हातातला गाऊन बाजूला ठेवून म्हणाले, वाच, तुझा अभ्यास झालाय.
वाचलं. प्रतिवादीला समन्स पोचलं. प्रतिवादी गैरहजर. उत्तर दाखल नाही. साठ दिवसांत दुकान खाली करावं.
आप्पाजींनी चष्मा काढला. म्हणाले, गैरहजर कसा? मी तर रोज इथंच होतो की रे.
कागद माझ्याच हातात होता. ते म्हणाले, परत वाच.
परत वाचलं. तेच होतं.