तुमच्या नळ्यांवरचे मासे

प्रिय अहो,

पत्र लिहायला बसले त्याला कारण तुमची ती हेतल. घाटकोपरची, तुमची शेवटची विद्यार्थिनी. काल ती मुलुंडला आपल्या घरी आली आणि मी तिच्याशी धडधडीत खोटं बोलले. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, आता हे सांगू कोणाला? म्हणून तुम्हालाच.

उद्या अंधेरीच्या लॅबमधला तुमचा फ्रीजर रिकामा करतायत. शेजारच्या लॅबवाल्यांनी दोन नळ्यांपुरती जागा दिलीय, बाकीचं तुमचं लाडकं, तेलाचं डिझेल करणारं यीस्ट कचऱ्यात. दोन कुठल्या ठेवायच्या, ते हेतलला कळेना. कळणार कसं? वहीत तुम्ही लिहिलेत नुसते आकडे, आणि नळ्यांवर मासे! तारली, पेडवे, बांगडा, सुरमई, मुडदुशे, बोंबील.

"काकी, आमच्या घरी कांदा पण नाय येत. मला कसं कळणार, बांगडा पहिला की बोंबील? सगळं परत वाढवून टेस्ट करायला टाइमच नाय ना!"

रडवेली झाली होती पोर. डोळे चुकवून चहा ढवळत होती.

मला मात्र ऐकताक्षणी कळलं. रविवारी मी मासे साफ करायला बसले की तुम्ही दारात उभं राहून विचारायचात, "सुनंदा, सगळ्यात तेलकट कुठला गं?" मी सांगायचे, तारली पहिली, मग पेडवे, मग बांगडा, आणि बोंबील शेवटचा, त्यात नुसतं पाणी. मला वाटायचं, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची भीती घातल्यावर माणूस सुधारला! माझाच क्रम नेऊन तुम्ही यीस्टला लावलात होय? भरपूर डिझेल देणारं यीस्ट ते तारली, आणि ढिम्म बसून राहिलेलं ते बोंबील.

आणि तरी मी म्हणाले, "मला काय माहीत बाई? मला त्यांनी कधी काही सांगितलंच नाही."

का म्हणाले? जळले म्हणून. सरळ सांगते, जळले.

यीस्टचा तर मी कायमच सवतीसारखा दुस्वास केला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचं आठवतंय? थेंब घालायला म्हणून बसलात आणि फोन आला, फ्लास्क हलवायचं मशीन बंद पडलं. बाटलीचं झाकण उघडं टाकून पळालात! माझे थेंब शेजारच्या वहिनींनी घातले आणि वर विचारलं, "भावजी कुठे गेले हो?" काय सांगणार होते मी?

पण यीस्ट परवडलं, ते मुकं तरी असतं. ही हेतल बोलते. "सर केवढं बोलायचे, काकी! हसवून हसवून मारायचे." कोण? माझा नवरा? घरी 'हं' आणि 'मीठ दे' यापलीकडे ज्याची मजल गेली नाही, तो?

तिला तुम्ही यीस्टमधलं एन्झाइम म्हणजे लग्न लावणारा भटजी म्हणून शिकवलंत म्हणे. नवरी तेलातून आलेली, नवरा अल्कोहोल. नवरा बुटका असला तर डिझेल होतं, लांबलचक असला तर मेण. आणि तुमचं काम काय, तर भटजीत बारीकसा फरक करायचा, म्हणजे तो आपल्याला हवा तोच नवरा बोहल्यावर उभा करतो. किती सोपं आहे हो! मला दहा मिनिटांत समजलं. बत्तीस वर्षांत ती दहा मिनिटं मला का नाही मिळाली? त्या पोरीला मिळाली, मला नाही!

निघताना चपला घालता घालता तिने विचारलं, "काकी, अजून एक नळी आहे. गाबोळी. हा कुठला मासा?"

मी कडीला हात घातला.

"सर बोलायचे, 'सगळ्यात भारी गाबोळी. पण घरी माझ्या वाट्यालाच येत नाही.'"

मी दार लावून घेतलं.

अहो, गाबोळी मासा नव्हे, माशाची अंडी. सगळ्यांत वेगळी, म्हणजे मेण देणारं यीस्ट त्याच नळीत असणार, एवढं माझ्यासारखीलाही कळतं. पण बाकीचं मला कुठे कळलं? बत्तीस वर्षं तुम्ही गाबोळी माझ्या ताटात सरकवत आलात आणि मी समजत आले, यांना आवडत नाही. मिटक्या मारत खाल्ली मी.

उद्या सकाळी मी स्वतः अंधेरीला जाणार आहे. तारली आणि गाबोळी, दोन्ही नळ्या हेतलच्या हातात ठेवीन आणि सगळा क्रम तिच्या वहीत लिहून देईन. शब्द देते. तुमचं यीस्ट जगेल, पोरीची पीएचडीही होईल. म्हणून माझा राग गेला असं मात्र समजू नका. तुम्हाला काय आवडतं ते मला एका शाकाहारी मुलीकडून कळावं?

मागायची होती ना! अर्धी दिली असती हो.

तुमची,
सुनंदा