दोन बश्यांमधलं हिरवं

तंजावूर,
ऑगस्ट १९९७

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं. विश्वेशभावोजी अण्णांना पुण्याला न्यायला येणार, तिथे इस्पितळात खाट ठरली आहे, आणि नव्या औषधाचा कोर्स लगेच सुरू करायचा. तू कंबर कसून बसली आहेस हे ओळीओळीतून दिसतं. ते औषध अण्णांच्या पेशींवर चालतं का, एवढंच मला विचारलंस. उत्तर एका शब्दाचं आहे, पण तो शब्द तुला नुसता पाठवायला माझा हात धजत नाही.

अण्णांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी बिघडल्या आहेत, हे तुला ठाऊकच आहे. त्या एकच निरुपयोगी प्रथिन बाहेर सोडत राहतात आणि ते मूत्रपिंडांत जाऊन बसतं. ते किती सुटतं हे पाहायला मी एकेक पेशी जेलच्या मण्यात कोंडते. मणी दिसायला शिजलेल्या जव्वरिशीसारखे, म्हणजे तुमच्या पुण्याच्या साबुदाण्यासारखे, पण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पेशीने सोडलेलं प्रथिन मण्यातच अडकतं, आणि चमकणारा रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीभोवती हिरवं कडं उमटतं. हा परदेशी रंग मिळायला पूर्वी वर्ष जायचं, आता महिन्यात येतो. देश खुला झाला तो आमच्या घरी असा उपयोगी पडला.

एका बशीतल्या मण्यांना तुझं औषध दिलं, दुसरीतल्यांना दिलं नाही. औषध लागू पडलं असतं तर पहिल्या बशीतली कडी विझायला हवी होती. अक्का, दोन्ही बश्या सारख्याच हिरव्या निघाल्या. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा मज्जा मागितली. अण्णा निमूट कुशीवर वळले. कमरेच्या हाडात सुई शिरताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले, आणि वर मलाच म्हणाले, "विहिरीत पाणी आहे का बघ गं, नाहीतर दुसरीकडे खणू." दुसऱ्यांदाही तेच. बशी म्हणजे शरीर नव्हे, असं तू म्हणशील. मीही आठवडाभर स्वतःला तेच सांगत होते. पण त्या औषधाने तोंड सोलून निघतं, माणूस घोटभर पाणी गिळू शकत नाही, आणि ते मी अण्णांना कशाच्या भरवशावर देऊ? रागावू नकोस. नाही, रागावच. एकटीने रागावून मी थकले आहे.

अण्णांनी स्वतः बघायचा हट्ट धरला. माझ्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर उशी ठेवून त्यांना बसवलं. एक बशी पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. "औषधाची कुठली?" मी दाखवली. "दोन्ही एकच की गं, विनू." खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता, पण मला सुचलं नाही. अण्णांनी चष्मा पुसला आणि घरी चल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इथले डॉक्टर तुझ्या कोर्सविषयी बोलायला लागले, तेव्हा अण्णांनी केळीच्या पानावर वाढप्याला थांबवताना धरतात तसा हात आडवा धरला आणि "पोदुम्" म्हणाले. परतताना रिक्षात माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुरे आता. घरीच राहतो." मी म्हटलं, हे अक्काला तुम्हीच सांगा. त्याच संध्याकाळी काठी टेकत ते एसटीडी बूथपर्यंत आले. तो फोन आठवतो ना? तुझ्याशी वांग्यांच्या भावावर बोलले, नातीला पाढे म्हणायला लावले, खळखळून हसले. तू लिहितेस, अण्णांचा आवाज इतका खणखणीत होता की ते नक्की बरे होणार. अक्का, ते तुला 'पुरे आता' हेच सांगायला आले होते. डॉक्टरांना त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, मला मराठीत. तुला सांगायला त्यांना कुठलीच भाषा मिळाली नाही, म्हणून मी लिहिते आहे. भावोजींना पाठवू नकोस. तू ये, आणि ते बोलताहेत तोवर ये.

तुझीच,
विनुता