पहाटे चार-पाचची गाडी

मित्सुगावा,
दि. ९ ऑक्टोबर २००२

तीर्थरूप आजोबा आणि ती. सौ. आजी यांस,
कानाएचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आजीनं पाठवलेलं मुळ्याचं लोणचं एकाच दिवशी हाती पडलं. पत्र अजून शिल्लक आहे.

आजोबा, आता लिहिते ते ओसाकाला आईबाबांना कळवायचं नाही, एवढं आधी कबूल करा आणि मगच पुढे वाचा. मी पुन्हा झोपून राहिले. गेल्या महिन्यात एकदा, आणि काल दुसऱ्यांदा. पाच वाजून बारा मिनिटांनी डेपोत हजेरी असते. तिथे आपलं खिशातलं घड्याळ साहेबांच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवून दाखवायचं असतं. काल माझं घड्याळ अगदी बरोबर होतं, मीच चार मिनिटं मागे होते. गाडी वेळेवर सुटली ती उस्तादांमुळे. उस्ताद म्हणजे हिरुकावा, माझ्या पाठीशी उभे राहून मला गाडी चालवायला शिकवतात ते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे एवढंच म्हणाले की तिसऱ्यांदा असं झालं तर तू पुन्हा तिकिटाच्या खिडकीत बसायचंस, केबिनमध्ये पाय ठेवायचा नाहीस.

बारा डिसेंबरला परवान्याची परीक्षा आहे. बायकांना रात्री-पहाटेचं काम न देण्याचा कायदा उठून तीन वर्षं झाली, तरी आपल्या लाइनीवर अजून एकही बाई हँडलवर बसलेली नाही. डेपोतले निम्मे लोक चांगलेच आहेत, पण माझं फसलंच तर "आम्ही म्हणत नव्हतो का" म्हणायला तयार होऊन बसलेत. ते वाक्य मला त्यांना बोलू द्यायचं नाही.

तीन गजर लावून झाले. एक उशाखाली, एक पत्र्याच्या डब्यात, एक न्हाणीच्या दारात. सकाळी तिन्ही बंद असतात आणि मी कधी उठले, कधी बंद केले, काही आठवत नाही. माझी झोप तुम्हाला माहीत आहे. वादळात आपल्या घरावरचा पत्रा उडाला तेव्हा मला उचलून शाळेत नेलं होतं आणि मी तिथे जागी होऊन नाश्ता मागितला होता. या लाइनीवरचं प्रत्येक घड्याळ तुमच्या हाताखालून गेलंय. मी उठेन असं एखादं द्या.

तुमच्या लोभाची सवय झालेलीच आहे. या वेळी त्याच्याबरोबर घड्याळही यावं, एवढं मागणं.

आपली,
कानाए

•

कुरोसाकी,
दि. १७ ऑक्टोबर

चि. कानाए हिस,
कुमेकिची आजोबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओसाकाला कळवलेलं नाही. तुझ्या आजीला कळलं, कारण पाकीट तिनंच फोडलं.

पार्सलात काय आहे ते तू बघताक्षणी ओळखशील. तुझ्या पाचव्या वाढदिवसाला आणलेलं आगगाडीचं घड्याळ. तेव्हाही घंटेनं तू कधी उठली नाहीस. पण वेळ झाली की बोगद्याचं दार उघडून ती तांबडी गाडी घड्याळाभोवती फेरी मारायला निघायची, आणि तिच्या खडखडाटानं तू टक्क डोळे उघडायचीस, कारण इंजिन बाहेर येताना बघायचं राहिलं तर दिवसभर रडायचीस. पुढे तूच ते जिन्यावरून खाली चालवलंस, तेव्हापासून माझ्या खणात पडून होतं.

मी सहावीपुढे शिकलो नाही, घड्याळं उघडून उघडूनच घड्याळं शिकलो. पण या खेळण्यानं मला चार दिवस बसवून ठेवलं. एका चाकाचा दात गेला होता. तो मी तुझ्या आजीच्या केसांच्या आकड्यातून घासून काढला आहे. आकडा कुठे गेला हे तिला अजून कळलेलं नाही. पूर्वीसारखंच आहे सगळं: गाडी निघते, फेरी संपता संपता छोटा सिग्नल हिरवा होतो, घंटा वाजते. बंद करायचं बटण बोगद्याच्या माथ्यावर आहे. घड्याळ खोलीच्या पलीकडच्या टोकाला, फळीवर ठेव. चार-पाचला, म्हणजे चार वाजून पाच मिनिटांना, लावून पाठवतो.

घाबरू नकोस. झोप हा काही दुर्गुण नाही, फक्त तिची वेळ चुकते आहे. घड्याळं मी यापेक्षा वाईट अवस्थेतली दुरुस्त केली आहेत.

आजी पर्सिमनची फळं सुकवते आहे, पुढच्या पार्सलात घालील. लोभ आमच्याकडे भरपूर आहे, तू फक्त वेळेवर जेवत जा.

तुझा,
आजोबा

•

मित्सुगावा,
दि. २ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

घड्याळ परत पाठवते आहे. रागावू नका, आधी वाचा.

दहा दिवस मी राणीसारखी उठले. गाडी बोगद्यातून निघाली की माझे डोळे उघडत, निदान मला तसं वाटे. उस्तादांनीही विचारलं की हल्ली केस विंचरून येतेस, काय झालं. अकराव्या दिवशी दार फुटेल असं कुणी तरी ठोठावलं म्हणून जागी झाले. शेजारच्या ओगिनोकाकू, टोफूच्या दुकानात कामाला जातात, पहाटे साडेतीनलाच उठलेल्या असतात. घड्याळात चार चाळीस झाले होते. मी वाटेत कोट घालत सायकल हाणली आणि हजेरीला पोचले तेव्हा वीस सेकंद उरली होती.

संध्याकाळी काकूंचे आभार मानायला गेले, तर त्या तोंडावर पदर धरावा तसा हात धरून हसायलाच लागल्या. भिंत पातळ आहे. म्हणाल्या की रोज पहाटे तुझा आवाज येतो, चांगला खणखणीत, आणि मग पावलं वाजतात. आज आवाज आला, पावलं वाजली नाहीत, म्हणून वाट बघून शेवटी दार ठोठावलं. आवाज कसला म्हणून विचारलं, तर त्यांनी हात लांब करून, बोट रोखून करून दाखवलं:

"सिग्नल हिरवा. वेळ बरोबर. निघा!"

आजोबा, हे आमचं दिवसभराचं काम. प्रत्येक स्टेशनावर सिग्नलकडे बोट दाखवायचं, मोठ्यानं म्हणायचं, मगच हात हँडलवर. तीन महिने उस्तादांनी ते इतकं घोटून घेतलंय की आता झोपेतही हात उठतो. गाडी येते, सिग्नल हिरवा होतो, मी उठून फळीपाशी जाते, बोट दाखवते, ओरडते, बटण दाबते. शरीराला वाटतं, चला, गाडी सुटली, आपलं काम झालं. आणि ते परत अंथरुणात जातं.

काकू पंधरा तारखेला लेकीच्या बाळंतपणाला जाणार, महिनाभर नाहीत. तोवर दार ठोठावायचं त्यांनी कबूल केलं आहे. त्यानंतर माझं मी बघायचं आहे. काही सुचलं तर बघा. नाही सुचलं तर मी खुर्चीत बसून झोपेन, पण खिडकीत जाऊन बसणार नाही.

लोभ कमी होऊ देऊ नये, त्यात आता हसूही मिसळलं असेल ते चालेल.

आपली,
कानाए

•

कुरोसाकी,
दि. ११ नोव्हेंबर

चि. कानाए हिस,
अ. आ. वि. वि.

हसलो, खोटं कशाला बोलू. आजी तर जेवताना दोनदा ताटावरून उठली. पण नंतर मी विचार करत बसलो. सवयीनं घात केला आहे, तर सवयीलाच कामाला लावायचं, असं ठरवलं.

सिग्नल मी तांबडा केला आहे. गाडी आता फेरी मारून सिग्नलपाशी येते, घंटा होते, आणि गाडी तिथेच घरघरत उभी राहते. बटण काढून टाकलं. सिग्नलची दांडी हातानं फिरवून हिरवी केली तरच गाडी बोगद्यात जाते. आता मला सांग, तांबड्या सिग्नलपुढे तुमचा नियम काय? तूच उन्हाळ्यात मला पुस्तक वाचून दाखवलं होतंस. थांबायचं, कंट्रोलला कळवायचं, परवानगी मिळेपर्यंत हलायचं नाही.

तर दुकानाचा फोन हा तुझा कंट्रोल. रोज चार-पाचला मला फोन करायचास. मी विचारीन पहिल्या गाडीचा नंबर आणि पहिल्या पाच स्टेशनांच्या वेळा. चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आलं की मी परवानगी देईन, मगच दांडी फिरवायची. या फोनवर बाकी काही बोलायचं नाही. तब्येत, हवा, लोणचं, सगळं पत्रात. कंट्रोलची लाइन गप्पांना नसते.

माझी काळजी करू नकोस. म्हाताऱ्याची झोप ती किती, चारला मी उठलेलाच असतो.

आता परीक्षेपर्यंत लोभ नाही, शिस्त. लोभाचं नंतर बघू.

तुझा,
आजोबा

•

मित्सुगावा,
दि. २४ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं. तांबडा दिसला की हात उठतो आणि हवेतच अडकतो. "निघा" तोंडातून निघतच नाही. मी गारठत फळीपुढे उभी असते, गाडी घरघरत असते, आणि तेवढ्यात खरी जाग येते. उस्तादांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. म्हणाले, त्यांच्या बायकोनं पहिलं वर्षभर त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधली होती. एवढं बोलून पुन्हा गंभीर झाले.

एक विचारायचं आहे. बुधवारी फोनवर तुम्ही आधी "आं" म्हणालात, मग "आई गं" म्हणालात, आणि मग गाडीचा नंबर विचारलात. तब्येत बरी आहे ना? आणि मागे आजीच्या सपाता वाजतात, ती का उठते?

लोभ परीक्षेनंतर द्यायचा आहे हे लक्षात आहे, जपून ठेवावा.

आपली,
कानाए

•

कुरोसाकी,
दि. २९ नोव्हेंबर

माझ्या गुणी कानाएला,
त्सुने आजीचे आशीर्वाद.

हे पत्र वाचून जाळ किंवा लपव, पण ह्यांना कळू देऊ नकोस. ते चारला उठलेले असतात म्हणे! चोपन्न वर्षं संसार केला, सातच्या आत हा माणूस उठलेला मी पाहिलेला नाही. तुझी झोप आली कुठून असं तुला वाटतं? पहिल्या दिवशी ह्यांनी दुकानातली सहा घड्याळं उशाशी लावली. सगळी आळी जागी झाली, हे सोडून. तेव्हापासून साडेतीनला मी उठते, ह्यांना बसतं करते, कोट चढवते आणि फोनपाशी नेऊन ठेवते. बुधवारी बसल्या बसल्याच घोरायला लागले आणि फोन वाजला, म्हणून मी चिमटा काढला. "आई गं" ते.

मी म्हटलं, त्यापेक्षा फोन मीच उचलते. तर म्हणाले, लेखी सूचनेशिवाय कंट्रोल बदलता येत नाही. दिवसा मात्र काउंटरवर भिंग डोळ्याला लावून तुझ्या गाड्यांच्या वेळा पाठ करतात, तू चुकलीस तर पकडता यावं म्हणून.

मी अकरा तारखेला बहिणीकडे जाणार आहे, तिचे गुडघे फारच दुखतात. त्याच संध्याकाळी परत येते, काळजी नको. माझा एक केसांचा आकडा सापडत नाही, तू नेला नाहीस ना?

पर्सिमन पाठवते आहे. खा, आणि लोभ मागायला लाजत जाऊ नकोस, इथे पडून आहे.

तुझी,
आजी

•

मित्सुगावा,
दि. १२ डिसेंबर, संध्याकाळ

ती. आजोबा आणि आजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. आता सगळं क्रमानं लिहिते.

पहाटे चार वाजून एक मिनिटानं डोळे उघडले. बोगद्याचं दार अजून बंद होतं. मी पडून वाट पाहिली. गाडी निघाली, तांबड्यापाशी थांबली, मी फोन केला. वीस वेळा वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. मग मनाशी म्हटलं, आजी बर्फामुळे बहिणीकडेच अडकली असणार, आणि ती घरात नसेल तर फोन कोण उचलणार? (आजी, माफ कर, हे लिहावंच लागलं.)

नियम सांगतो की कंट्रोलशी बोलणं झालं नाही तर गाडी हलवायची नाही. मी हलले नाही. पायात मोजे नाहीत, हातात फोन, समोर ती घरघरणारी गाडी, अशी सोळा मिनिटं उभी होते. मग एकदम लक्षात आलं की मी सोळा मिनिटं टक्क जागी उभी आहे, आणि कंट्रोल जे काम करतो ते होऊन गेलं आहे. दांडी माझ्या हातानं फिरवली. परवानगीशिवाय तांबडा ओलांडला, त्याची नोंद करून घ्यावी.

हजेरीला पाच मिनिटं आधी पोचले. प्रत्येक स्टेशनावर वेळ पाच सेकंदांच्या आत, शेवटच्या खुणेवर गाडी वीतभरच पुढे थांबली. उतरल्यावर उस्ताद फक्त म्हणाले, "चला, आता माझी उभं राहायची शिक्षा संपली." डोळे पुसत होते, म्हणाले बर्फावरच्या उन्हाची तिरीप.

दुपारी दुकानात फोन केला तर आजोबांनी मला बोलूच दिलं नाही. पत्र लिहितो म्हणाले आणि ठेवून दिला.

साठवलेला लोभ आता पाठवायला हरकत नाही.

आपली,
कानाए

•

कुरोसाकी,
दि. १६ डिसेंबर

प्रति, चालक कानाए,
स. न. वि. वि.

दि. १२ रोजी पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी कंट्रोल झोपला होता. सबब काही नाही. फोन उशाजवळच आणून ठेवला होता. तुझा तांबडा ओलांडणं मान्य केलं आहे, दोष कंट्रोलचा. कंट्रोल आजपासून बंद.

इथवर सरकारी. आता घरचं. तुझी पास झाल्याची बातमी बारालाच स्टेशनमास्तरांनी दुकानात येऊन सांगितली, तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचा स्प्रिंग होता. तो उडाला तो अजून सापडला नाही. सापडायची घाईही नाही.

तुझी एकटीची पहिली गाडी दहा जानेवारीला, कुरोसाकीला सहा अठराला येते, असं ते म्हणाले. मला फलाटावर हजर राहायचं आहे. आजी उठवील म्हणते, पण या वेळी मला कुणी बसतं केलेलं नको आहे, माझ्या पायांनी उठायचं आहे. तेव्हा ते घड्याळ परत पाठव. तुला त्याची गरज उरलेली नाही. सिग्नल मी पुन्हा हिरवा करून घेईन, तांबड्यापुढे थांबायची सवय मला नाही.

साठवलेला सगळा लोभ या पत्रासोबत. मोजून घेऊ नकोस.

तुझा,
आजोबा

•

कुरोसाकी,
दि. १० जानेवारी

चालक कानाएबाईंना,
त्सुने आजीचे आशीर्वाद आणि एक तक्रार.

साडेपाचला घड्याळातली गाडी निघाली. मी मुद्दाम पांघरुणात डोळे मिटून पडले होते. हे उठले. फळीपाशी गेले. हात लांब केला, बोट रोखलं, आणि आळी दणाणेल असे ओरडले की सिग्नल हिरवा, वेळ बरोबर, निघा. मी म्हटलं, शाब्बास. आणि पाहते तर परत अंथरुणात. महिनाभर तुझं पत्र वाचून वाचून ह्यांनी तेवढंच शिकून घेतलं होतं. शेवटी पायाच्या अंगठ्याला धरून ओढले. तुझ्या उस्तादांच्या बायकोला माझा नमस्कार कळव.

पण सहा दहाला फलाटावर होते, दाढी करून, आमच्या लग्नातला कोट घालून. तू आलीस. मान वळवली नाहीस, बोट सिग्नलकडे रोखलंस, काचेतून आवाज आला नाही पण ओठ दिसले. मला वाटलं, ह्यांना वाईट वाटेल, पोरीनं बघितलंसुद्धा नाही. तर हे खिशातलं घड्याळ माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "अठरा आणि शून्य सेकंद. आपल्याकडे बघत बसली असती तर वेळ चुकली असती."

तुझी गाडी वळणाआड गेली तरी ह्यांचा दुसरा हात बोट रोखून पुढे ताणलेलाच होता. मी तो हळूच खाली घेतला आणि त्यात माझा हात ठेवला.

आकडा कुठे गेला ते मला कळलं आहे. असू दे तिथेच.

तुझी,
आजी