गुरुवारचा वरचा सा

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९

ताजी बातमी : माझं गाणं बंद होणार. बातमी चौकीदाराने दिली, इंजिनिअरने दुजोरा दिला. नव्या डायरेक्टरबाईंच्या टेबलावरचा कागद त्याने पाहिला. त्याच्या बाजूने तो उलटा होता, पण त्याला उलटं वाचता येतं.

कागदावर असं की, 'आपली सकाळ' हा आमच्या रेडिओवरचा कार्यक्रम राहील, निवेदकही (म्हणजे मी) राहील. जाईल ते शेवटचं साडेतीन मिनिटांचं गाणं. जे मी गेली अठ्ठावीस वर्षं स्टुडिओत बसून, स्वतः पेटी वाजवत गातो. सोमवारी नदीचं, मंगळवारी दिव्याचं, असं करत शनिवारी आईचं. सहा वार, सहा गाणी, चाली माझ्या. त्याऐवजी हवामान देणार.

साडेतीन मिनिटं हवामान! आमच्याकडे एवढं हवामान नाहीच.

दुपारी ४

बाईंना भेटलो. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण खुर्चीत ताठ बसतात. म्हणाल्या, श्रोत्यांच्या तक्रारी आहेत सर. मी म्हणालो, वही बघू. फोनच्या वहीत डिसेंबरात चौदा नोंदी. पैकी नऊ नोंदींत 'निवेदकांना बरं नाही का?' एवढंच. याला तक्रार म्हणत नाहीत, जिव्हाळा म्हणतात. बाईंनी ऐकून घेतलं. ठरलं ते असं : फेब्रुवारीअखेरपर्यंत गाणं चालू. मग वही सांगेल ते.

संकल्प : पहाटे पाचला रियाज. गार पाणी बंद. तळलेलं, आंबट बंद. रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. निवेदन सोडून दिवसभर मौन.

६ जानेवारी

पाचचा गजर झाला. मौन असल्यामुळे बायकोला उठव म्हणता आलं नाही. साडेसहाला तिनेच उठवलं.

मौन आठ दहाला सुटलं. घराखाली शिंप्याचं दुकान आहे. तो म्हणाला, काय बुवा, आज गप्प? न बोलणं उद्धटपणाचं दिसलं असतं. वीस मिनिटं बोललो.

८ जानेवारी, गुरुवार

गुरुवारचं गाणं पाखराचं. त्यात एक वरचा सा आहे. तरुणपणी मी तो लावायचो तेव्हा स्टुडिओची काच थरथरायची, असं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे.

आज तो लागला. थोडा उशिरा आणि थोडा शेजारी.

गाताना मी हेडफोन काढतो आणि डोळे मिटतो. माइक चालू असताना स्टुडिओतला स्पीकर बंदच असतो. म्हणजे मला फक्त मी ऐकू येतो. हवेत काय जातंय ते काचेपलीकडे एकटा इंजिनिअर ऐकतो. डोळे उघडले तेव्हा तो डोकं धरून बसला होता. त्याला अर्धशिशी आहे.

फोन तीन. एका बाईंनी विचारलं की रेडिओ दुरुस्तीला न्यावा का. वहीतलं सदर : तांत्रिक.

९ जानेवारी

इंजिनिअर म्हणाला, बुवा, रागावू नका. कपाटात तुमच्या सहाही गाण्यांच्या टेपा आहेत, बावीस वर्षांपूर्वीच्या. महिनाभर त्या लावतो, गळ्याला आराम द्या.

मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षांत मी श्रोत्यांना शिळं वाढलेलं नाही. तुझी टेप तुझ्यापाशी.

तो बरं म्हणाला. एरवी चहात साखर किती यावरही वाद घालतो. आज नुसतं बरं. माझ्या शब्दाला अजून वजन आहे.

१२ जानेवारी, सोमवार

फोन चार, चारही स्तुतीचे! 'आवाज एकदम मोकळा झाला.' 'तब्येत सुधारलेली दिसते.' आठवडाभराच्या गुळण्यांनी ही किमया. (प्रत्यक्षात दोन दिवस. पण मन लावून केल्या होत्या.)

१५ जानेवारी, गुरुवार

पाखराचं गाणं. मला स्वतःला सा जरा खालीच वाटला. पण फोन सात. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं. यावरून कळतं की कलावंताने स्वतःचं मूल्यमापन करू नये. त्याची मापं फार कडक असतात.

इंजिनिअर आता गाण्याच्या वेळी शांत असतो. आज तर पाय लांब करून पेपर वाचत होता. माझ्या आवाजाने अर्धशिशी गेली.

२० जानेवारी

काल लग्नाला गेलो होतो. आइस्क्रीम दोन वाट्या. पहिली आग्रहाची, दुसरी पहिलीच्या सोबतीची. सकाळी घसा बसलेला. 'नमस्कार श्रोतेहो' कसंबसं निघालं. तरी दिव्याचं गाणं गायलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, नमस्कार करताना फाटक वाजल्यासारखं वाजलात, पण गाणं छान झालं हो. मी तिला समजावलं की बोलणं गळ्यातून येतं आणि गाणं नाभीतून. नाभीला आइस्क्रीम बाधत नाही. ती हसली. हल्ली माझ्यावर खूश असते.

२२ जानेवारी, गुरुवार

शिंपी म्हणाला, बुवा, बासरी कोण वाजवतं हो? हात फार गोड आहे.

बासरी! आमचे बासरीवाले अकरा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. त्यानंतर स्टुडिओत मी आणि पेटी. मी शिंप्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, अहो स्पष्ट ऐकली मी, दुसऱ्या कडव्याआधी.

दिवसभर यावर विचार केला. गाण्यात इतका भाव उतरला की ऐकणाऱ्याला नसलेली बासरी ऐकू येते. हे फार थोड्यांना साधलं असेल. मला माहीत असलेल्यांत कुणालाच नाही.

संकल्प : याबद्दल नम्र राहायचं.

२३ जानेवारी

बासरीची गोष्ट चौकीदाराला सांगितली. ग्रंथपाल बाईंना, लिफ्टमध्ये दोघांना, आणि फोनवर मुलीला. मुलगी म्हणाली, बाबा, कान तपासायला हवेत. मी म्हणालो, शिंप्याचे ना? ती म्हणाली, आईला फोन द्या.

३ फेब्रुवारी

आज दिव्याच्या गाण्यात मध्येच सणसणीत शिंक आली. पेटीवरून कागद उडाले. मी माफी मागायच्या तयारीतच होतो, पण वहीत एकही तक्रार नाही. बायकोला विचारलं, शिंक ऐकलीस? म्हणाली, छे! कुठली शिंक?

म्हणजे शिंकसुद्धा सुरात निघाली.

पाचचा रियाज आता कायमचा बंद. गरज नाही. लोणचं सुरू.

१० फेब्रुवारी

वहीत या महिन्यात एकेचाळीस फोन. बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, सर, मी चुकले. असं म्हणताना खुर्चीत किंचित कमी ताठ होत्या. पुढे म्हणाल्या, गुरुवार दिनांक २६ ला 'आपली सकाळ' स्टुडिओऐवजी सार्वजनिक वाचनालयाच्या हॉलमधून, श्रोत्यांसमोर करू या. लोकांना तुम्हाला गाताना बघायचंय.

मी म्हणालो, बघू, वेळ काढतो. मग दार लावलं आणि जिन्यात एकटाच नाचलो. चौकीदाराने पाहिलं, पण तो आपला माणूस आहे.

११ फेब्रुवारी

इंजिनिअरचा चेहरा उतरलेला. म्हणाला, बुवा, हॉल नको. मी विचारलं, का? म्हणाला, हॉलमध्ये घुमतं. मग म्हणाला, गुरुवार तरी नको, सोमवारचं नदीचं घ्या, ते खालच्या पट्टीत आहे. मग म्हणाला, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.

मी खांद्यावर हात ठेवून म्हणालो, मला ठाऊक आहे. इतकी वर्षं काचेमागे बसून दुसऱ्याची स्तुती ऐकायची, माणसाला वाटणारच. मोकळं रडून घे.

त्याने माझा हात खांद्यावरून खाली ठेवला. मग चहा आणायला गेला. माझा आणलाच नाही.

२५ फेब्रुवारी

उद्या. बायकोने कोट इस्त्री केला. म्हणाली, अहो, उद्या नुसतं बोललात तरी चालेल, बोलता छानच तुम्ही. मी म्हणालो, लोक बोलणं ऐकायला येत नाहीत. ती म्हणाली, मग गुळण्या तरी करा. केल्या. एक.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २

लिहितो. लिहायला हवं.

हॉलमध्ये ऐंशी माणसं. इंजिनिअर यंत्रं घेऊन बाहेर व्हॅनमध्ये. पहिल्या रांगेत मध्यभागी शिंपी, मांडीवर स्वतःचा रेडिओ, चालू. मी म्हणालो, अहो, मी समोर आहे. तो म्हणाला, असू द्या बुवा, सवय आहे. रेडिओशिवाय तुम्ही मला खरे वाटत नाही. लोक हसले. मीही हसलो. त्याने आवाज बारीक केला.

निवेदन उत्तम झालं. सात सव्वीसला पेटी पुढे ओढली, डोळे मिटले.

पहिलं कडवं ठीक. दुसऱ्याआधी बासरी ऐकू आली. मला स्वतःला! मी मनात म्हटलं, आज आपण त्या पातळीला पोहोचलो.

मग वरचा सा आला. स्वच्छ, गोल, जागच्या जागी. क्षणभर वाटलं, लागला! मग लक्षात आलं की मी अजून श्वास घेतोय.

पुढच्या क्षणी माझाही आला. त्याचं वर्णन करत नाही.

डोळे उघडले. ऐंशी माणसं शिंप्याच्या मांडीकडे बघत होती. मी थांबलो. रेडिओ थांबला नाही. रेडिओतला मी पुढे गात राहिला, तान घेतली, बासरीला वाट दिली, शेवटची ओळ दोनदा म्हटली. मी पेटीवर हात ठेवून ऐकत बसलो. दुसरं काय करणार?

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या. रेडिओला.

शिंपी रेडिओ उलटासुलटा करून बघत होता. म्हणाला, बुवा, एकाच वेळी दोन्हीकडे कसं जमवता?

२७ फेब्रुवारी

घसा दुखतो. गेलो नाही. हवामान लावलं असेल.

इंजिनिअर घरी आला, बिस्किटं घेऊन. म्हणाला, बारा जानेवारीपासून रोज. तुमचा माइक खाली, टेप वर. तुमचं गाणं गेलं असतं बुवा, मला ते बघवलं नसतं. हॉलच्या दिवशीही हात आपोआप गेला.

मी म्हणालो, शिंक? म्हणाला, मी एकट्याने ऐकली. दचकलो.

तो गेल्यावर बायकोला विचारलं, तुला कळलं होतं? म्हणाली, पहिल्याच दिवशी. बावीस वर्षांपूर्वी याच आवाजात मला हाका मारायचात, विसरेन का? मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बरं वाटत होतं ऐकायला. आणि तुमची चिडचिड बंद होती.

बिस्किटं चांगली होती. सगळी संपवली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

वहीचा निकाल. बाईंनी स्वतः सांगितला, त्यामुळे दुजोऱ्याची गरज नाही. गाणं राहणार. श्रोत्यांना हवंय. फक्त टेपवरचं. निवेदक राहणार. पेटी स्टोअरमध्ये.

त्या हळू म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका सर, शेवटी आवाज तुमचाच आहे. मी म्हणालो, प्रश्नच नाही. माझी जागा दुसऱ्या कुणी घेतली असती तर मी राजीनामा दिला असता.

सोमवारी सात सव्वीसला मीच बटण दाबायचं आहे. इंजिनिअरने आज शिकवलं. हिरवं दाबायचं, लाल नाही. मी म्हणालो, एवढंच? म्हणाला, एवढंच, पण टेपा फार जुन्या आहेत, जपून. चालता चालता कधीही तुटतील. गुरुवारी दुपारी सगळ्या कॉम्प्युटरवर घेणार, मग काळजी नाही.

मी विचारलं, आणि त्याआधी तुटली तर? तो म्हणाला, तर मग तुम्ही आहातच की.

म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. आणि गुरुवारी सकाळी पाखराचं.

लोणचं बंद. पाचचा गजर लावला आहे. पेटी स्टोअरमध्ये अगदी दाराजवळ ठेवायला चौकीदाराला सांगितलं आहे.