बादलच्या कपाळावरचा शेंदूर

पांढरकवडा,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. शाम यास गफ्फारकाकाचे मनापासून आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तू आणि अंजू पुण्यात बरे असाल असं धरून चालतो. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचलला असतास तरी जे लिहायचं आहे ते मला फोनवर बोलता आलं नसतं. यवतमाळहून पुण्याला ट्रॅव्हल्स नेणारा रामधन माझं जुनं गिऱ्हाईक, त्याच्या हाती हे देतो. तो तुझ्या दारापर्यंत येईल. त्याला चहा पाज, पत्र मात्र तो गेल्यावर वाच.

थंडी पडायला लागली. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत, आणि वेचलेला विकायला जिनिंगपुढे ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत येते. तुझ्या रशीदाकाकीचे गुडघे तसेच आहेत, तोंडही तसंच आहे. तू जाताना न जेवता गेलास, त्याचा राग ती रोज माझ्यावर काढते. बरोबरच करते, ते पुढे तुला कळेल.

आता मुद्द्याचं. बादलचं आयडलिंग लागलं.

हे वाक्य पुन्हा एकदा वाच. तू गेलास तेव्हा रेस सहाशेवरून चौदाशेवर उड्या मारत होती, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ट्रक दोन उचक्या देऊन बंद पडत होता. आज तो पाय न लावता सातशेवर उभा आहे. काल मी मडगार्डवर पाण्याचा ग्लास भरून ठेवला आणि पाव तास नुसता त्याच्याकडे पाहत बसलो. पाणी थरथरलं, सांडलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस ग्लासाकडे बघत बसलाय म्हणून शेजारचा पंक्चरवाला हसत होता. हसू दे.

कार्ब्युरेटर काढून तू जे पेट्रोल इंजेक्शनचं किट बसवलंस, त्याचा कॉम्प्युटर खराब नव्हता. तुझी वायरिंग खराब नव्हती. तू जाताना म्हणालास, "काका, माह्या हातचं या ट्रकले चालत नाई. बापूसारखाच हाय हा." ते बोलणं मागे घे. आणि हॉटेलवाल्या फुलचंदला बादल विकायचा दिलेला शब्दही जमलं तर मागे घे. तो गुरुवारी क्रेन घेऊन येतोय. इंजिन काढून टाकणार आणि नुसतं धूड रंगवून ढाब्यापुढे शोभेला उभं करणार, असं मला स्वतः सांगून गेला. माल तुझा आहे, शब्द तुझा आहे. मी त्याला अडवू शकत नाही. पण गुरुवारच्या आत तुला सगळं कळलं पाहिजे, म्हणून लिहितो.

तुझे आजोबा लालसिंग यांनी बादलला मिलिटरीच्या लिलावातून आणला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. त्याआधी तुमच्या तांड्याचा माल बैलांच्या पाठीवरून जायचा, त्यात सगळ्यात पुढे चालणाऱ्या बैलाचं नाव बादल. तो मेला आणि ट्रक आला, म्हणून ट्रकला त्याचं नाव. हे सगळं तू लहानपणापासून ऐकलं आहेस. आणि त्या बैलाच्या कपाळाला लावायचा तो शेंदूर दर दसऱ्याला बॉनेट उघडून इंजिनला लावायचा, हेही पाहिलं आहेस. तुम्ही शिकलेले लोक त्या जागेला इनटेक मॅनिफोल्ड म्हणता. इंजिनला हवा पोचवणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा नळ. तुझ्या आजोबांना आणि मग तुझ्या बापूला, गुलाबसिंगला, ते बादलचं कपाळ होतं. लालसिंगांनी पहिला टिळा लावला त्याला पासष्ट दसरे झाले. यंदा गुलाबसिंग गेला, तुमच्या घरात दुःख, म्हणून टिळा लागला नाही.

आठवतं ना, तू चार दिवस काय काय पाहिलंस? थ्रॉटलची केबल पाहिली. आयडलचा व्हॉल्व्ह धुतला, मग पुण्याहून दुसरा मागवला. अर्थिंगच्या वायरी पुन्हा ओढल्या. पेट्रोलचं प्रेशर मोजलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन तू बॉनेटजवळ स्टुलावर बसलेला असायचास आणि मला म्हणायचास, "काका, कॉम्प्युटर सांगून राह्यला, मिक्श्चर पातळ हाय. न मोजलेली हवा कुठून तरी आत घुसून राह्यली." सायलेन्सरमधली हवा हुंगून एक तार एवढं सांगते, हे पाहून मी मनात कानाला हात लावला होता. तुला बोललो नाही. उस्तादाला शागिर्दाचं कौतुक तोंडावर करणं जड जातं. खरं म्हणजे त्या चार दिवसांत उस्ताद कोण होता, तेही मला कळत होतं.

मग तू विचारलंस, "किट यायच्या आधी इंजिनले काही केलं होतं काय?" मी म्हणालो, "काही नाई बाबा, वरवर पुसलं." दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा तेच म्हणालो, आणि वर चिडलोही.

शाम, ते खोटं होतं.

तू किट घेऊन येतोस असा फोन आला तेव्हा मला झोप लागेना. अकरा वर्षांनी पोरगा बापाच्या ट्रकला हात लावणार. तू ते काय म्हणून आणतोयस, हे मला सांगायची गरज नव्हती. बाप जिवंत असता तर त्याच्यापुढे ठेवलं असतंस. आणि मला दुसरीच काळजी, की पुण्याचा इंजिनिअर येणार, आपलं गॅरेज, आपलं काम जुनाट दिसायला नको. म्हणून दिवाळीच्या चार दिवस आधी मी डिझेल, तारेचा ब्रश आणि छिन्नी घेऊन बसलो आणि बादलच्या कपाळावरचा शेंदूर खरवडून काढला.

बोटाच्या पेराएवढा जाड थर होता. निघताना पापुद्रे सुटत होते. केशरी, मग तेलकट काळा, मग पुन्हा केशरी. एका पापुद्र्यात तुझ्या आजोबांच्या काळची तांदळाची अक्षत अडकलेली होती, तशीच पांढरी. मी ती हातात घेऊन पाहिली, तरी माझा हात थांबला नाही. सगळ्यात वर गुलाबसिंगचा अंगठा होता. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला त्याचं अर्धं अंग गेलेलं होतं. खाटेसकट चौघांनी त्याला ट्रकपाशी आणला, उजवा हात उठेना म्हणून डाव्यानं लावला. बॉनेट मी धरून उभा होतो. त्या अंगठ्याच्या रेषा शेंदरात दिसत होत्या रे. मी ते पाहिलं, ओळखलं आणि ब्रश मारला. वर चंदेरी रंग दिला. छान दिसत होतं.

मग तू आलास. "काका, इंजिन तर नवंकोरं करून टाकलं!" असं म्हणालास, आणि तेव्हाच मला कळलं की मी काय केलं. सांगायची हिंमत झाली नाही.

हवा कुठून घुसते ते शोधायला पेट्रोलची पिचकारी माझ्या हातात होती. जिथे गळती असेल तिथे पेट्रोल पडलं की इंजिनचा आवाज बदलतो, हे मी छत्तीस वर्षं करतोय. एकेक जोड तपासला, एकेक नट तपासला. त्या कपाळाकडे माझा हात गेला नाही. लाजेनं गेला नाही. नुसती पिचकारी तिथे वळली असती तर तुला पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं. तू चार दिवस स्वतःच्या कामात खोट शोधत राहिलास आणि मी शेजारी उभा राहून पाहत राहिलो. पाचव्या दिवशी तू फुलचंदला फोन लावलास, तेव्हाही मी गप्प होतो.

आता मंगळवारची गोष्ट. तुझी आई, तुम्ही म्हणता ती याडी, सकाळी केळापूरहून ऑटोनं आली. एकटीच. नारळ होता आणि पदराच्या गाठीत शेंदराची डबी. घरचा बैल दुसऱ्याच्या दावणीला जाताना जसं करतात तसं करायला ती आली होती. मला म्हणाली, "एकदा चालू करून दाखवा, गफ्फारभाऊ. मंग तर नेतेतच." मी सेल मारला. बादल धापा टाकत चालू झाला, चढतोय, पडतोय. तू लावलेल्या त्या छोट्या काचेवर आकडे पळत होते.

तिनं आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "याच्या कपायावरचं कुठं गेलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुला बोललोच होतो. पण लालीभाभीच्या डोळ्यांत पाहून ते जमलं नाही. म्हटलं, "मी काढलं, भाभी. चकचकीत दिसावं म्हनून."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबी उघडली, ऑइलकॅनमधून तेलाचे दोन थेंब घेतले, अंगठ्यानं कालवलं. स्वतःचं कपाळ मोकळं, आणि आजवर तुमच्या घरात हे बायकांनी कधी केलेलं नाही. मी म्हटलं, "भाभी, पंखा! हात सांभायून!" तिनं ऐकलंच नाही. चालू इंजिनात हात घातला आणि बरोबर त्या जागी, नळाच्या माथ्यावर, अंगठा दाबला.

आणि बादल गप्प झाला.

बंद नाही पडला. शांत झाला. ती धाप गेली. आकडे पळायचे थांबले. नऊशे, आठशे, साडेसातशे, सातशे. आणि मग सातशेच. दोघंही बघत राहिलो. तिला वाटलं काहीतरी बिघडलं, म्हणून तिनं हात काढला. तरी तो तसाच. आरशात पाहिलं असतं तर माझं तोंड उघडं दिसलं असतं. गॅरेजच्या बाहेर चहावाल्यानं टपरीवरून हाक मारली, "काय झालं, काका? बंद केला काय?" एवढा आवाज बदलला होता.

इंजिन गार झाल्यावर मी टॉर्च आणि भिंग घेऊन पाहिलं. रंगाखाली केसाएवढी फट. आतून काळी, म्हणजे फार जुनी. कदाचित माझ्याही आधीची. बीड केव्हातरी तडकलं आणि त्यावर दर दसऱ्याला तेल-शेंदराचा लेप बसत गेला, हवा ओढणारं इंजिन त्याला आत खेचून घट्ट धरत गेलं. कोणाला माहीत नाही, कोणी विचारलं नाही. राळेगावपासून नेरपर्यंत लोक म्हणायचे की आयडलिंग लावावं तर गफ्फारनंच. बादलचं ऐकायला ड्रायव्हर लोक गाडी थांबवायचे. आणि मी मिशीला पीळ द्यायचो! ते माझ्या हाताचं नव्हतंच.

मी नमाजी माणूस आहे, याला चमत्कार म्हणणार नाही. फट होती, बुजली, हवा थांबली, तुझ्या कॉम्प्युटरनं उरलेलं काम केलं. कारण शंभर टक्के समजलं आहे. तरी पाच दिवस झाले, त्या क्षणाची आठवण आली की अंगावर काटा येतो. पासष्ट वर्षं माणसं भक्तीनं एका जागी अंगठा टेकवत होती आणि त्या अंगठ्यांवर सहा सिलिंडरचा श्वास टिकून होता. एवढं मोठं काही मी माझ्या धंद्यात पाहिलेलं नाही.

पण जे सांगायला हे सगळं लिहिलं ते अजून राहिलंच आहे.

भाभी नारळ फोडून बसली, चहा घेतला. मी म्हटलं, गुलाबचा शेवटचा अंगठा मी पुसला, मला माफ करा. ती म्हणाली, "अंगठा एक नोता, गफ्फारभाऊ. दोन राहत. तुमाले कधी दिसले नाई?"

दिसले होते. दर वर्षी बॉनेट मीच धरायचो. मला वाटायचं, दुसरा टिळा जोडीच्या बैलाच्या नावाचा असेल.

"एक शामच्या नावाचा," ती म्हणाली. "पोरगं आपल्या मनानं अंजूसंगं लगन करून पुण्याले गेलं त्या सालापासून. आधी शामचा लावे, मंग सोताचा. मले सांगे, कोनाले बोलशीन नको. अर्धं अंग गेलं तरी दोन लावले त्यानं. दुसऱ्याले हात पुरे ना, तरी लावला."

शाम, अकरा वर्षं तो तुझ्याशी बोलला नाही, हे खरं आहे. त्याबद्दल मी त्याची बाजू घेणार नाही, तेव्हाही घेतली नव्हती. पण अकरा दसरे त्यानं तुला त्या ट्रकवर धरून ठेवलं होतं. त्या फटीवर त्याचा टिळा होता की तुझा, हे तू मला विचारशील. मला सांगता येत नाही. मी दोन्ही खरवडले. आयुष्यात मी पुष्कळ इंजिनं बिघडवली आणि दुरुस्त केली, पण हे एक माझ्याच्यानं दुरुस्त होणारं नाही.

फट पितळ भरून पक्की बुजवायला मला तासभर पुरे. केलेली नाही. आत्ता भाभीचा शेंदूर तिथे आहे आणि इंजिनला तेवढा पुरतो आहे.

मी तिला म्हटलं होतं, "भाभी, मंग दुसराही लावून द्या." तिनं डबीचं झाकण लावलं आणि डबी माझ्या पान्यांच्या फळीवर ठेवून दिली.

"मी काहून लावू?" म्हणाली. "बाप गेला आता. त्याचा त्यो येऊन लावन."

गुरुवारपर्यंत वाट पाहतो.

तुझ्या बापूचा दोस्त, आणि तुझा गुन्हेगार,
गफ्फार